जबड्याला पायाचं हाड: ऑपरेशन ठरल्यापासून दात बसेपर्यंत

"डॉक्टर, पायाचं हाड काढून तोंडात लावणार म्हणतात. मग आमचे दादा चालायचे कशावर?"

तोंडाच्या कॅन्सरचा बायोप्सी रिपोर्ट हातात घेऊन आलेल्या घरातून हा प्रश्न हमखास येतो. मोठ्या हॉस्पिटलात तो विचारायचा राहून गेलेला असतो. ओपीडीत मिळतात पाच मिनिटं, त्यात "जबडा काढावा लागेल" एवढं कानावर पडतं आणि पुढचं काही डोक्यात शिरतच नाही. मी तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवतो. ही मोठी ऑपरेशनं मी करत नाही. पण ज्यांची होतात ते आधी माझ्याकडे येतात आणि नंतरही वर्षानुवर्षं माझ्याच खुर्चीत बसतात, त्यामुळे आधी काय राहून जातं आणि नंतर त्याची किंमत कशी मोजावी लागते, हे मला जवळून दिसतं.

दादांच्या चालण्याचं आधी सांगून टाकतो. गुडघ्याखाली दोन हाडं असतात. पुढची जाड नडगी शरीराचं बहुतेक वजन पेलते. तिच्या बाहेरच्या अंगाला, पोटरीच्या मांसात दडलेलं बारीक लांबट हाड म्हणजे फिब्युला. त्याच्यावर वजन अगदी थोडं येतं. गुडघ्याजवळचा आणि घोट्याजवळचा सहा-आठ सेंटिमीटरचा तुकडा जागेवर ठेवून मधलं हाड काढलं, तरी माणूस चालतो, जिना चढतो, बांधावरून फिरतो. असं वीस-पंचवीस सेंटिमीटर हाड मिळतं. खालचा जबडा या कानापासून त्या कानापर्यंत उभा करायचा म्हटलं, तरी पुरतं.

हाड लागणारच आहे का?

सर्जनला पहिला प्रश्न हाच विचारा. गाठ हिरडीवर असेल आणि हाडात खोल गेली नसेल, तर जबड्याची फक्त वरची कड कापतात आणि खालची शाबूत ठेवतात. जबडा अखंड राहतो, हाड लावायची गरज पडत नाही. गाठ हाडात शिरली असेल, तर मात्र जबड्याचा आरपार तुकडा काढावा लागतो आणि मध्ये पोकळी राहते.

ती पोकळी कुठे आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. हनुवटीचा भाग गेला आणि तिथे हाड लावलं नाही, तर खालच्या ओठाला आधार उरत नाही. लाळ गळत राहते, जीभ मागे पडते, चेहरा हनुवटीविना दिसतो. इंग्रजी पुस्तकांत या चेहऱ्याला अँडी गम्प या अमेरिकन चित्रपट्टीतल्या पात्राचं नाव पडलंय, कारण त्या पात्राला हनुवटी काढलेलीच नव्हती. म्हणून पुढच्या भागात हाड हवंच. कानाजवळचा मागचा भाग गेला असेल, रुग्ण वयस्कर असेल, हृदय कमजोर असेल, तर छातीवरचं मांस आणि कातडी फिरवून जखम झाकतात आणि हाड लावत नाहीत. हे ऑपरेशन लवकर उरकतं. तोंड मिटताना जबडा एका बाजूला सरकतो खरा, पण माणूस मऊ भात खाऊ शकतो. काही घरांसाठी हाच शहाणपणाचा निर्णय असतो, यात कमीपणा काही नाही.

नुसती टायटॅनियमची प्लेट लावून भागवायचा पर्यायही कधी पुढे येतो. त्याबद्दल मी जरा साशंक असतो. हाडाशिवायची प्लेट रोज चावताना वाकते-सरकते आणि काही वर्षांत तुटू शकते. शेक, म्हणजे कॅन्सरसाठीचं रेडिएशन, दिलेल्या पातळ कातडीतून ती गालावर उघडीही पडते. प्लेटच लावणार म्हणाले, तर "शेक लागणार आहे का आणि मग या प्लेटचं काय होईल?" हे जरूर विचारा.

कमरेचं हाड की पायाचं?

भाताची रोपं उपटून लावणीला नेताना मुळं सांभाळावी लागतात, मगच ती दुसऱ्या खाचरात तग धरतात. हाडाचंही तसंच आहे. कमरेच्या कडेचा तुकडा नुसता काढून जबड्यात बसवला, तर त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. आजूबाजूच्या मांसातून नव्या रक्तवाहिन्या त्यात हळूहळू शिरतात, तोवर तो जगला तर जगला. पोकळी पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, भोवतालचं मांस निरोगी असेल, जखम तोंडात उघडी नसेल आणि शेक दिलेला नसेल, तर हा साधा मार्ग चांगला चालतो. कॅन्सरच्या बहुतेक रुग्णांत यातली एखादी तरी अट मोडते.

फिब्युला काढतात ती तिच्या स्वतःच्या धमनी-शिरेसकट, सोबत हवी तेवढी कातडी घेऊन. मानेतल्या रक्तवाहिन्यांना त्या जोडल्या की हाड पहिल्या तासापासून जिवंत असतं, म्हणून शेकही सोसतं. ऑस्ट्रेलियाच्या इयन टेलर यांनी १९७५ मध्ये रक्तवाहिन्यांसकट फिब्युला हलवून दाखवली, ती पायाच्या हाडाची तूट भरण्यासाठी. न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये ती जबड्यासाठी वापरली. खांद्याच्या पात्याचं आणि कमरेचं हाडही रक्तवाहिन्यांसकट घेता येतं. पायाच्या वाहिन्या खराब असल्या की सर्जन तिकडे वळतात.

आधीचे पंधरा दिवस

घरच्यांच्या हातात सगळ्यात जास्त असतं ते या दिवसांत, आणि हेच दिवस रडण्यात आणि नातेवाइकांच्या फोनवर निघून जातात.

तंबाखू आजच बंद करायची, ऑपरेशनच्या आदल्या रात्री नव्हे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण विदर्भात खर्रा, नगरकडे मावा आणि बायकांच्या हातातली मिशेरी चालूच आहे. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि या ऑपरेशनचा सगळा जीव दोन-तीन मिलिमीटरच्या जोडावर टांगलेला असतो. वॉर्डात भेटायला येणाऱ्यांनीही खिशात पुडी आणू नये. चोरून बार भरणारे रुग्ण मी पाहिलेत, पुडी पुरवणारे त्यांचे मेहुणेही पाहिलेत.

पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली का, ते बघा. पावलाला साधारण तीन धमन्या रक्त पुरवतात आणि त्यातली एक फिब्युलाबरोबर काढली जाते. बाकीच्या दोन मधुमेहाने किंवा विडीने चोंदल्या असतील, तर पाऊल धोक्यात येतं. काही जणांत जन्मतःच हीच धमनी पावलाचा मुख्य आधार असते, आणि ते वरून ओळखता येत नाही. म्हणून डॉप्लर किंवा सीटी अँजिओग्राफी. पायावर जुनं फ्रॅक्चर, सुजलेल्या निळ्या शिरा किंवा न भरलेली जखम असेल, तर कुणी विचारायची वाट न बघता आपण होऊन सांगा.

साखर आणि हिमोग्लोबिन सुधारायला वेळ थोडा असतो, तरी तो वापरा. तोंड दुखतं म्हणून महिनाभर चहा-बिस्किटांवर काढलेला माणूस ऑपरेशनला निम्मा हरलेलाच जातो. अंडी, दूध, ताक, मुगाचं घट्ट कढण असं दर दोन तासांनी द्या. गिळताच येत नसेल, तर ऑपरेशनच्या आधीच नाकातून नळी घालतात. त्याला नाही म्हणू नका.

दात. हा माझा विषय, म्हणून जरा आग्रहाने सांगतो. पुढे शेक लागण्याची शक्यता असेल, तर सगळ्या दातांचा ओपीजी एक्स-रे काढून खराब दात शेकाच्या किमान दहा-चौदा दिवस आधी काढून टाकायचे. सगळ्यात सोयीचं म्हणजे त्याच भुलीत, त्याच ऑपरेशनमध्ये. सर्जनच्या डोक्यात गाठ असते, दात नसतात. आठवण तुम्हीच करा.

पैशांचं बघायला गेलात की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र शोधा. योजनेत असलेल्या हॉस्पिटलात त्याचं टेबल असतं. कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ऑपरेशनआधी मंजुरी यावी लागते, म्हणून रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट पहिल्याच दिवशी जवळ ठेवा. प्लेट आणि स्क्रूचा खर्च पॅकेजात धरला आहे का, हे स्पष्ट विचारून घ्या. परळच्या टाटा हॉस्पिटलात जाणाऱ्यांनी राहण्याची सोय आधी बघावी. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा गावाकडच्या कित्येक घरांना तिथलं माहेर वाटते.

आणि एक पाटी-पेन्सिल घ्या. ऑपरेशननंतर काही दिवस बोलता येणार नाही. मोबाइलवर टाइप करणं सगळ्यांना जमत नाही आणि खाणाखुणांवरून नवरा-बायकोत भांडणं होतात.

दार बंद झाल्यावर आत काय चालतं

आठ ते बारा तास लागतात. बाहेर बसलेल्यांनी दर तासाला घाबरू नये. एक टीम वर गाठ आणि मानेतल्या ग्रंथी काढते, त्याच वेळी दुसरी टीम खाली पाय उघडते. हाड सरळ आणि जबडा वाकडा, तेव्हा हाडाला पाचरीसारख्या खाचा पाडून ते कोनात वळवतात. प्रत्येक तुकडा दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवत नाहीत, कारण फार बारीक केला तर त्याचं रक्त तुटतं. हल्ली बऱ्याच ठिकाणी सीटीवरून जबड्याचा थ्रीडी नमुना छापून प्लेट आधीच वाकवून ठेवतात, कुठे कापायचं याचे साचेही बनवतात. त्याने वेळ वाचतो. पण साचा नाही म्हणून काम वाईट होतं असं मुळीच नाही, अनुभवी हात नजरेनेही नेमका कोन काढतात.

मग सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने धमनीला धमनी आणि शिरेला शीर शिवतात. रक्त थांबवून धरणारा चिमटा, म्हणजे क्लॅम्प, सोडला की पायाच्या पांढुरक्या कातडीवर हळूहळू गुलाबी रंग चढतो. श्वासासाठी गळ्याला बहुधा तात्पुरतं भोक पाडलेलं असतं आणि नाकातून जेवणाची नळी असते. हे दोन्ही तुम्हाला आधी सांगितलेलं असेल, तरी पहिल्यांदा बघताना पाय लटपटतातच.

पहिले तीन दिवस: रंगावर नजर

सुरुवातीला सिस्टर दर तासाला टॉर्च घेऊन येते आणि तोंडात डोकावते. ती पायाहून आणलेल्या कातडीचा रंग बघते. बोटाने हलकं दाबून सोडते आणि रंग दोनेक सेकंदांत परत येतो का ते पाहते. शंका आली तर डॉक्टर सुईचं टोक टोचतात. लालभडक थेंब थोड्या वेळाने आला तर ठीक. काळपट रक्त लगेच भळाभळा आलं, कातडी जांभळी आणि फुगलेली दिसली, तर शीर तुंबली. कातडी पांढरी, थंड आणि टोचूनही कोरडी असेल, तर धमनी बंद. जोड बिघडायचे असतील, तर बहुतेक या तीन दिवसांतच बिघडतात.

अशा वेळी पुन्हा ऑपरेशनला नेतात, गुठळी काढून जोड नव्याने करतात. "परत आत नेलं, म्हणजे संपलं" असं समजू नका. लवकर नेलं तर बरेच फ्लॅप, म्हणजे लावलेलं हाड-कातडी, वाचतात. अनुभवी केंद्रांत शंभरातले नव्वद-पंच्याण्णव फ्लॅप जगतात, आणि त्यात रात्री दोनला परत आत नेलेलेही असतात.

घरच्यांनी मान एका बाजूला वळू द्यायची नाही आणि गळ्याभोवतीची पट्टी आवळली आहे का ते बघायचं. रंग बदलल्यासारखा वाटला तर सिस्टरला उठवायचं, सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. फ्लॅपला स्वतः बोट लावायचं नाही.

नळी, पाय आणि घर

नळीतून देण्याची पद्धत सिस्टरसमोर दोनदा स्वतःच्या हाताने करून दाखवा, मगच घरी जा. पाठ टेकवून, डोकं वर ठेवून बसवायचं. नळीवरची खूण सरकलेली नाही ना ते बघायचं. गाळून कोमट केलेलं दोन-अडीचशे मिलिलिटर सावकाश सोडायचं, मागून थोडं साधं पाणी. नंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. नळी बहुधा चोंदते ती नाचणीच्या गुठळ्यांनी आणि नीट न कुटलेल्या गोळ्यांनी. नळी बाहेर आली तर घरी आत ढकलू नका, ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

पायाला काही दिवस पट्टा किंवा स्प्लिंट असतो. पोटरीवर मांडीची पातळ कातडी लावली असेल, तर ती पाचव्या दिवसाच्या सुमारास उघडून बघतात, आणि त्यानंतर आधाराने उभं करतात. "हाड काढलंय, आता टेकू नको" हा आजीबाईंचा सल्ला इथे चालत नाही. पडून राहिलं तर पोटरीत गुठळी होते आणि छातीत कफ साठतो. पायाचा अंगठा आणि पाऊल वर उचलता येतं का, हे रोज बघा. येत नसेल तर नस दुखावलेली असू शकते, लगेच सांगा. घोटा थोडा आखडणं आणि अंगठ्याची ताकद कमी वाटणं मात्र बऱ्याच जणांत होतं, व्यायामाने बरंच सुधारतं.

घरी आल्यावर मानेच्या टाक्यांतून लाळ किंवा पाणी झिरपलं, ताप आला, तोंडाला कुजका वास येऊ लागला, तर दोन दिवस थांबू नका. मानेतून रक्त आलं, तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि तसंच हॉस्पिटल गाठा.

शेक, आणि काड्यांचा हिशेब

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आल्यावर शेक लागणार का ते ठरतं. लागणार असेल, तर तो ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा असं बघतात. "जरा अंगावर मांस येऊ दे, दिवाळीनंतर जाऊ" हे म्हणू नका. दिवाळीपर्यंत गाठ थांबत नाही.

शेकानंतर जबड्याचा रक्तपुरवठा कायमचा कमी होतो. माझा एक रुग्ण, शेक होऊन तीन वर्षं झालेला, हलणारी दाढ काढायला दुसऱ्या एका दवाखान्यात गेला. शेकाचं त्याने सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. दाढ पाच मिनिटांत निघाली. खड्डा सात महिने भरला नाही, उघडं हाड पिवळं पडून सडलं आणि शेवटी त्या बाजूचाही जबडा काढावा लागला. तिथे दुसऱ्या पायाचं हाड लागलं. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर पहिला प्रश्न "मानेला, तोंडाला कधी शेक घेतला आहे का?" हा असतो. तुमच्या दंतवैद्याने विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. रोज फ्लोराइड लावा, कारण लाळ आटल्यावर दात मुळाशी भराभर किडतात.

आता काड्या. सुपारी खाणाऱ्यांचं तोंड आधीच आखडलेलं असतं. त्यावर ऑपरेशन, त्यावर शेक, आणि मग दातखीळ बसल्यासारखं होतं. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या आणा. सर्जनने परवानगी दिली की दोन्ही बाजूंच्या दातांमध्ये, दात नसतील तिथे हिरडीवर, जेवढ्या सहज बसतात तेवढ्या ठेवायच्या. मग मधे आणखी एक सरकवायची आणि ताण सहन होईल तेवढा वेळ धरायची. दिवसातून पाच-सहा वेळा. पस्तीस मिलिमीटर तोंड उघडलं, म्हणजे साधारण तीन बोटं उभी बसली, तर जेवण आणि दातांची निगा दोन्ही जमतं. एक वहिनी नवऱ्याच्या काड्या कॅलेंडरवर लिहायच्या. शेक सुरू झाला तेव्हा चौदा, शेकाच्या पाचव्या आठवड्यात तोंड सोललेलं असताना नऊ. व्यायाम सोडला नाही. वर्षाच्या शेवटी सतरा. ज्यांनी त्या पाचव्या आठवड्यात काड्या टाकून दिल्या, त्यांच्या तोंडात आज माझा आरसाही शिरत नाही.

दात

हाड जुळायला काही महिने लागतात, ओपीजीवर ते दिसतं. त्यानंतर, शेक झाला असेल तर साधारण वर्षभर थांबून, लावलेल्या हाडात इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळासारखे स्क्रू, बसवता येतात. अडचणी सांगतो. फिब्युलाची उंची मूळ जबड्याच्या जेमतेम निम्मी असते, त्यामुळे दात लांबट करावे लागतात किंवा सुरुवातीलाच हाड दुमडून दोन थर लावावे लागतात. तरुण रुग्ण असेल, तर हा दोन थरांचा विषय ऑपरेशनआधीच काढा, नंतर उपयोग नाही. हिरडीच्या जागी पायाची जाड कातडी असते. पुरुषांत त्या कातडीवर तोंडात केस उगवतात. हे आधी कुणी सांगत नाही आणि मग रुग्ण लाजून गप्प बसतो. शेकाने ते बहुधा झडतात, नाहीतर कातडी पातळ करताना त्यांचाही बंदोबस्त होतो. साधी काढती कवळी अशा हिरडीवर नीट बसत नाही. खरं सांगायचं तर माझ्या बऱ्याच रुग्णांना दात बसलेच नाहीत. पैसे संपले, तोंड उघडेना, किंवा आणखी एका ऑपरेशनची उमेद राहिली नाही. आमटीत कुस्करलेल्या भाकरीवर ते समाधानी आहेत.

अमेलोब्लास्टोमासारख्या कॅन्सर नसलेल्या गाठींत चित्र बरंच बरं असतं. शेक नसतो, वय कमी असतं आणि दात बसवणं लवकर होतं. २०२१ मध्ये कोविडमागोमाग आलेल्या काळ्या बुरशीने ज्यांचा वरचा जबडा गेला, त्यांच्यापैकी काहींनाही फिब्युला लावली. पण वरच्या जबड्याचे हिशेब निराळे, तो लेख वेगळा लिहावा लागेल.

पहिलं वर्ष दर एक-दोन महिन्यांनी दाखवायला जायचं, पुढे अंतर वाढत जातं. प्रत्येक वेळी डिस्चार्ज कार्ड, शेकाचा कागद आणि काड्यांचा आकडा बरोबर न्या. दुसऱ्या बाजूचा गालही टॉर्चने तपासून घ्या, कारण तंबाखू दोन्हीकडे ठेवलेली असते.